साडीतले मास्तर

माणसानं दुसऱ्याच्या मागं किती चालावं, याला काही धरबंध? आप्पांबरोबर चहाला निघालं, की आपण पुढं आणि ते एक पाऊल मागं, डाव्या अंगाला. आपण थांबलो की तेही थांबणार. वळून बोलावं तर म्हणणार, "चाल ना भो, मी शे ना मांगे." सुरतेतल्या पर्वत पाटियाची ती गर्दी, टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं, आणि त्यातून मी मान मोडेस्तोवर मागं बघत बोलतोय. किती जणांना धडकलो आणि किती शिव्या खाल्ल्या ते माझं मला माहीत. एकदा वैतागून म्हणालो, "आप्पा, मी काय नवरदेव आहे का? माझी वरात काढलीय का तुम्ही?" हसले. म्हणाले, सवय शे, आता मेल्यावरच जाईल.

सवय बँडची होती. दिवसा आप्पा लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात कारीगर, आणि लग्नसराईत मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवर दोन नंबरला. एक नंबरला खुद्द मास्तर. खानदेशातून माणसं लूमवर कामाला सुरतेत येऊ लागली, तेव्हा त्यांच्याबरोबर मास्तर आले. इकडच्या मराठी माणसाचं लग्न निघालं, की तारीख भटजीला विचारण्याआधी मास्तरांना विचारत म्हणे. मी आलो जालन्याकडून, बराच नंतर. मास्तर तोवर गेलेले होते. मी त्यांना बघितलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी कापड मार्केटात साड्यांची पार्सलं बांधतो. माझी खोली आप्पांच्या खोलीला लागून. मधली भिंत एवढी पातळ, की त्यांच्या बायको, आमच्या काकू, त्यांच्यावर ओरडल्या तर आधी मीच दचकायचो.

काकू ओरडायच्या ते बहुतेक पत्तीवरून. क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची पातळ पट्टी लावतात, तिच्यातून आवाज निघतो. ती पत्ती ओली लागते. आप्पा ती दिवसभर गालात धरून ठेवायचे, दुसरा एखादा तंबाखू धरतो तशी. खात्यात पत्ती, बाजारात पत्ती, मयतीला गेले तरी पत्ती. बँड कधीच बंद पडला होता. लोक लग्नात डीजे लावायला लागले होते, आप्पांना वर्ष वर्ष सुपारी नसायची. पण पत्ती ओली पाहिजे. मी विचारलं, "कशाला आप्पा? कोण बोलावणार आहे आता?" तर पत्ती जिभेनं दुसऱ्या गालात सारून म्हणाले, "बलाव्हनं तं? कोरडी पत्ती लिसन जाऊ का?"

माणसाची पारख ते दमावरून करत. शेठ कसा आहे? दम नाही. नवा भाडेकरू? दम बरा आहे. पोरीसाठी कोसाडचं स्थळ आलं. मुलगा इच्छापोरच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला, घरचे सरळ, रंगानं उजळ. पोहे झाले, चहा झाला, आणि आप्पा मुलाला म्हणाले, "जरा 'आ' करा. एका दमात. सोडू नका." पोराला वाटलं, दात बघतात की काय. त्यानं आ केला. आप्पा घड्याळ लावल्यासारखे त्याच्याकडं बघत बसले. पोराचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि मग त्याला असा ठसका लागला की त्याची आई उठून पाठ चोळायला लागली. आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगा चांगला शे. पण दम नाही." काकूंनी त्या दिवशी आप्पांना जे काही ऐकवलं ते मी लिहू शकत नाही. लग्न त्याच मुलाशी झालं. चांगलं चाललंय.

दमाचं एवढं वेड का, ते मला एकदा चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर कळलं. अर्धा अर्धा चहा घेतला होता. आप्पा म्हणाले, दोन नंबरवाल्याचं काम काय असतं माहीत आहे का? एक नंबरवाला दम घेतो ना, तेवढ्या वेळात सूर धरून ठेवायचा. मास्तर कधी दम घेणार हे मला त्यांच्या मानेवरून कळायचं. मान जराशी डावीकडं झुकली की मी सूर उचलायचो. वीस वर्षं वरातीत कुणाला कळलं नाही की मास्तरसुद्धा श्वास घेतात. लोक म्हणायचे, मास्तरांच्या छातीत काय भाता आहे का! आणि मी मागं हसायचो.

हे सांगताना एवढे खूश, की लारीवाल्यानं उगाच अजून एक अर्धा ओतला.

मग मी सहज विचारलं, "कसे होते हो दिसायला मास्तर?"

आप्पा सुरू झाले. मान बारीक. डाव्या कानामागं तीळ, त्यावर एक केस. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता. लाल कोटाच्या पाठीवर घामाचा डाग पडायचा, तो आधी दोन खांद्यांमध्ये सुरू व्हायचा आणि वरात मांडवाशी पोचेपर्यंत कमरेला टेकायचा. चालताना उजवा पाय जरा बाहेर टाकायचे.

"आणि चेहरा?"

आप्पांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माले याद येत नई, भो."

मला आधी चेष्टाच वाटली. पण ती चेष्टा नव्हती. वाजवताना हे मागं. वाजवून झालं की खाली मान, कारण गुरूच्या तोंडाकडं बघून कोण बोलतं? शिकवताना मास्तर भिंतीकडं तोंड करून बसायचे, आवाज भिंतीवरून परत येतो तो ऐकायचा म्हणून. आणि मास्तर वारले तेव्हा आप्पा गावी होते, आईच्या वर्षश्राद्धाला. निरोप मिळाला, मिळेल त्या गाडीनं निघाले, पण पोचले तेव्हा राखसुद्धा निवली होती. शेवटचं तोंड बघायचं राहून गेलं. आपल्यात शत्रूचंसुद्धा शेवटचं तोंड बघतात. या माणसाचं गुरूचं राहिलं, आणि आधी बघितलेलंही हळूहळू पुसून गेलं. मला म्हणाले, डोळे मिटले की सूर येतो, पाठ येते, तोंड येत नाही.

म्हणून आप्पांच्या डोक्यात आलं, चौकात मास्तरांचा पुतळा बसवायचा. बाकीच्यांना पुतळा समाजाच्या मानासाठी हवा होता, आप्पांना तोंड बघायला हवा होता. हे फक्त मला ठाऊक होतं.

त्या पुतळ्यासाठी आप्पांनी काय पायपीट केली! दारोदार जायचे. नवी पोरं विचारायची, "कोण मास्तर?" आप्पा वाद घालायचे नाहीत, दारातच मास्तरांची वरातीची धून गुणगुणायचे. मग आतून कुणीतरी म्हातारी पदर सावरत बाहेर यायची, "अरे, हे तर आमच्या लग्नातलं!" आणि आप्पांना बसायला पाट मिळायचा. शेवटी मंडळ उभं राहिलं. मी काम करतो त्या साडीच्या दुकानाचे शेठच अध्यक्ष झाले. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून चौकात जागा मिळाली.

आता अडचण आली फोटोची. मास्तरांचा एकच फोटो सापडला, कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधला. घोड्यावर नवरदेव, आणि कडेला मास्तर. टोपी भुवयांपर्यंत, तोंडात क्लॅरिनेट आणि गाल असे फुगलेले की डोळे बारीक होऊन गेलेले. बैठकीत शेठ म्हणाले, असा फुगलेला पुतळा कसा दिसेल? लोक हसतील. चेहरा गंभीर पाहिजे, हातात वाद्य पाहिजे, बस. आप्पा ताडकन उभे राहिले. एरवी कुणाच्या पुढं न येणारा माणूस, टेबलावर हात आपटून म्हणाला, "मास्तरांना फुंकल्याशिवाय पाहिलंय कोणी? गाल फुगलेलेच पाहिजेत!" शेठ हसून म्हणाले, "बघू आप्पा, बघू." आप्पा समाधानानं खाली बसले. 'बघू' म्हणजे 'नाही', हे सुरतेतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आप्पांना तेवढं कळत नव्हतं.

पुतळा ट्रकमधून आला तो गोणपाटात शिवलेला. तसाच चौथऱ्यावर उभा केला. शेठ मला म्हणाले, उद्घाटनाला पाहुणे येणार, गोणपाट बरं दिसत नाही, वरून काहीतरी गुंडाळ. दुकानातली एक साडी दिली, मरून रंगाची, सोनेरी काठांची. चार दिवसांचा प्रश्न होता. मी वर चढलो आणि गाठ मारली. माझा धंदाच तो, माझी गाठ सुटत नाही. नावाची पाटी उद्घाटनाच्या दिवशी बसवायची म्हणून दुकानाच्या माळ्यावर ठेवली.

पाहुण्यांची तारीख मिळेना. मग निवडणूक लागली. मग शेठचं आणि पाहुण्यांचं कशावरून तरी बिनसलं. मग शेठना दुसरं काहीतरी सुचलं आणि पुतळ्याचा विषय मागं पडला. साडी तशीच राहिली.

आप्पा रोज कामावरून सुटले की तिथं जायचे. चपला काढून समोर उभे राहायचे आणि वर बघायचे. त्यांनी शोध लावला होता, की ऊन टाकीच्या कडेवरून तिरपं आलं की साडीखाली नाकाचा उंचवटा दिसतो. मला हाताला धरून नेलं. "देख. नाक." मला गोणपाटाची घडी दिसत होती. मी म्हणालो, "हो आप्पा, आहे खरं." काय म्हणणार दुसरं?

आणि मग जे व्हायला नको ते झालं. आमच्या भागात भाडेकरू टिकत नाहीत. काम बदललं की खोली बदलते. नवी माणसं आली. त्यांना काय दिसलं? चौथरा, आणि त्यावर सोनेरी काठाची साडी नेसून उभी असलेली उंच कुणीतरी. खानदेशी बायांना तर सांगायलाच नको. श्रावणात घरोघर कानबाई बसते, ती तरी काय असते? साडी नेसवलेला, दागिने घातलेला नारळच. तिथं नाकडोळे कोण शोधतं? एका सकाळी चौथऱ्यावर दिवा होता. मग हळदकुंकू. मग नारळ, बांगड्या, ओटीचे तांदूळ.

आप्पा आधी हसले, मग भडकले. एक बाई ओटी भरत होती तिला म्हणाले, "अहो माय, हे मास्तर आहेत! पुरुष माणूस आहे आत!" ती म्हणाली, "असंल बाबा. पण साडी तर आईची आहे ना?" आप्पा शेठकडं गेले, साडी काढू द्या म्हणाले. शेठ म्हणाले, "आता काढली तर बाया मलाच जाळतील. लोकांची श्रद्धा आहे आप्पा. राहू द्या." वर पत्र्याची शेड टाकून दिली.

सगळ्यात मोठा घाव घरातून बसला. त्या दम नसलेल्या जावयाला बरीच वर्षं लेकरू नव्हतं. काकूंनी आप्पांच्या चोरून तिथं नवस बोलला, आणि पोरीला दिवस गेले. मुलगा झाला. काकू पेढे घेऊन माझ्याकडं आल्या, मागं आप्पा. "आईनी दिधा," काकू म्हणाल्या. आप्पांनी पेढा हातात धरला. नातवाचा आनंद तर होताच, पण तोंडावर तो यायला तयार नव्हता. इतकं गरीब तोंड मी कुणाचं पाहिलं नाही.

तीन श्रावण असे गेले. चौथ्या श्रावणात मरून साडीचा रंग उडून ती विटकी झाली होती. बायांनी ठरवलं, कानबाईबरोबर या आईलाही नवी साडी नेसवायची. पण वर चढायचं कुणी? चौथरा उंच. बाया शिडीवर चढायला भीत, आणि पुरुषानं देवीची साडी फेडायची म्हणजे पाप. आप्पा म्हणाले, "मी चढतो. डोळे मिटून." वय झालेला, कानबाईपुढं वाजवणारा माणूस, आणि काकूंनी हमी दिली. बाया तयार झाल्या.

आदल्या दिवशी लारीवर आप्पांनी मला सांगितलं, "उद्या बाया आडोशाला धरतील तो पडदा पाडतो. सगळ्यांना मास्तर दिसू दे. मग मारलं तरी चालंल." मी म्हणालो, "आप्पा, खरंच मारतील हो." "मारू दे. मारायच्या आधी तोंड तर बघीन." मला रात्री झोप लागली नाही. शेजारूनही खोकल्याचा आवाज येत राहिला.

सकाळी आप्पा लाल कोट घालून आले, बँडचा. खांद्यावरच्या झालरी निम्म्या गळालेल्या. बायांनी चौथऱ्याच्या तिन्ही बाजूंनी बांबूंवर साड्या धरून आडोसा केला आणि आमच्याकडं पाठी करून उभ्या राहिल्या, देवीला विवस्त्र बघू नये म्हणून. चौथी बाजू टाकीच्या भिंतीची. आत आम्ही दोघं. मी शिडी धरलेली, मान वर करायची नाही या अटीवर. बाहेर गाणी चाललेली.

आप्पा चढले. माझी गाठ त्यांनी पात्यानं कापली. साडी घसरून माझ्या डोक्यावर पडली. मी ती बाजूला करेपर्यंत आप्पांनी गोणपाटही उसवलं होतं.

वर एक चेहरा होता. सरळ नाक, पीळदार मिशा, गच्च मिटलेलं तोंड, लांब कुठंतरी लावलेली नजर. गाल अगदी बसलेले. क्लॅरिनेट छातीशी, छडी धरावी तसं. चांगला रुबाबदार माणूस होता. असे मी सुरतेत पाच-पंचवीस चौकांत बघितलेत.

मी आप्पांकडं बघत होतो. त्यांनी पत्ती तोंडातून काढून खिशात टाकली. ते त्या चेहऱ्याच्या अगदी जवळ गेले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. गालावर हात ठेवला. मग खाली वाकून मला हळूच विचारलं, "हाईच शेत का रे मास्तर?"

मास्तर हेच का, हे मला विचारलं! ज्यानं मास्तरांना जन्मात पाहिलं नाही त्याला. मी म्हणालो, "मला कसं कळणार, आप्पा? तुम्हीच बघा ना."

आप्पांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. काही येत नव्हतं, मला खालून दिसत होतं. मग एकदम त्यांना काहीतरी सुचलं. तोंड उजळलं. "मांगून देखस," म्हणाले. पाठ तर ते कुठंही ओळखणार होते. तीळ, उतरता खांदा, मान. शिडीवरून चौथऱ्यावर उतरले आणि पुतळा नि टाकीची भिंत यांच्यामधल्या फटीत अंग चोरून शिरले.

बराच वेळ आले नाहीत. मी शिडी सोडली आणि वर चढून बघितलं. पुतळ्याला पाठ नव्हती. भिंतीला लागून उभा राहणार, मागून कोण बघतंय, म्हणून बनवणाऱ्यानं मागची बाजू केलीच नव्हती. आतून पोकळ, दोन गंजलेल्या सळया, ओबडधोबड सिमेंट आणि भरायला कोंबलेला पेंढा. आप्पा त्या पोकळीसमोर उभे होते. एक हात आत घातलेला.

मी म्हणालो, "आप्पा, बाहेर चला." बाहेर बायांचं गाणं संपत आलं होतं. कुणीतरी ओरडलं, "झालं का हो?" आता पडदा पाडतात, की बायांसमोर तो पोकळ माणूस उभा राहतो, की मारामारी होते, असं मनात आलं.

आप्पा फटीतून बाहेर आले. कोट पांढरा झालेला. त्यांनी पडद्याला हातसुद्धा लावला नाही. घसा साफ करून म्हणाले, "नवी साडी द्या."

पडद्यावरून काकूंनी साडी आत टाकली. हिरवी, लाल काठांची. आप्पांनी ती स्वतः नेसवली. घाई केली नाही. निऱ्या घातल्या, पदर त्या रुबाबदार तोंडावरून हनुवटीपर्यंत ओढला, मागं भिंतीकडं नीट खोचून पोकळी बंद केली. मला म्हणाले, "गाठ मार. पक्की." मी मारली. त्या गाठीसारखी गाठ मी आयुष्यात दुसरी मारली नसेल, आणि मारताना मला काही धड दिसतही नव्हतं.

खाली उतरले तेव्हा आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसत नव्हते. बायांनी पडदा सोडला आणि सगळ्या त्यांच्याकडं बघू लागल्या. काकू पुढं आल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "डोये उघडात ना तुम्ही? आई दिसनी?"

आप्पांनी मान हलवली. हो म्हणून.

काकूंनी पदर पसरला आणि आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मग शेजारणीनं. मग दुसरीनं. ज्यानं आईचं तोंड पाहिलं त्याचे पाय धरायला चौकात रांग लागली, आणि आप्पा लाल कोटात हात लोंबकळत तसेच उभे राहिले, सगळ्यांच्या पुढं.